सरपोतदार सरांचा महाशीर

"इथून पुढे दोन दिवस मला 'सर' म्हणायचं नाही," सरपोतदार सर म्हणाले. "ही सूचना समज."

"बरं सर," मी म्हणालो.

ढवळेवाडीच्या तलावाच्या काठावर आम्ही दोघं उभे होतो. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सरांच्या हातात परदेशी गळकाठीची लांबोडकी पेटी होती. एन.सी.सी. विभागातून मागून आणलेला तंबू, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, दोन वळकट्या आणि बाकीचा सगळा संसार माझ्या अंगावर होता. एसटीच्या फाट्यापासून तलाव दीड कोस. वाटेत सर माझ्याशी मैत्रीवर बोलत होते. निसर्गात पद नसतं, हुद्दा नसतो, माणूस फक्त माणूस असतो, असं ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःची पाण्याची बाटलीही माझ्या खांद्याला अडकवली.

"अरे, दिगंबर म्हण. नुसतं दिगंबर."

ते माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी दोन दिवस 'अहो' आणि 'ऐकलं का' यांवर निभावलं. आमचं बोलणं लांबून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, नवराबायको सहलीला आलेत.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो, सहा वर्षं तात्पुरता. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला कमी केल्याचं पत्र. सोमवारी संस्थेच्या मंडळाची बैठक होती आणि त्यात मला कायम करण्याचा विषय होता. विषयाला विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागत होतं. ते टाइप होऊन सरांच्या चामडी बॅगेत पडलं होतं. फक्त सही राहिली होती.

"सही ना?" शुक्रवारी सर म्हणाले होते. "परतताना करू की. कागद काय पळून चाललाय? आधी मासा."

मासा का, तेही सांगतो. सरपोतदार सरांची डॉक्टरेट गांडुळाच्या मज्जासंस्थेवर होती. पण गावात त्यांचं नाव होतं ते मासेमारीवरच्या सदराबद्दल. एका दैनिकात दर रविवारी 'गळाशी गप्पा' यायचं. एकशे बारा लेख झाले होते. त्या लेखांत सर पहाटेच्या धुक्यात उभे असायचे, गळाला हिसका बसायचा आणि मग महाशीर आणि माणूस यांचं युद्ध दोन रकाने चालायचं. खरं म्हणजे सरांनी आयुष्यात एक मासा धरलेला नव्हता. हे मला ठाऊक होतं, कारण ग्रंथालयातून परदेशी मासिकांचे गठ्ठे उचलून आणायचं काम माझंच. कॅनडातल्या तळ्यातला ट्राउट मासा सरांच्या लेखात पोचेपर्यंत महाशीर झालेला असायचा आणि तिथल्या लालपिवळ्या पानगळीची बाभळीची पानगळ.

आता त्या लेखांचं पुस्तक निघत होतं. प्रकाशकानं मुखपृष्ठासाठी फोटो मागितला, लेखकाच्या हातात भला मोठा महाशीर. मंगळवारी फोटो छापखान्यात पोचायला हवा होता. सर चार दिवस गप्प गप्प होते. मग एका दुपारी मी बरण्या पुसत असताना त्यांनी मला हाक मारली, खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "नांद्रेकर, आपण मित्र आहोत ना?"

गरजवंताला अक्कल नसते. मी हो म्हणालो.

सरांना एक गोष्ट माहीत नव्हती, कारण सहा वर्षांत त्यांनी ती कधी विचारली नव्हती. माझे वडील भोई. कृष्णेत जाळं टाकणारे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे त्यातून काही कळायचं नाही आणि मीही सांगितलं नव्हतं. कॉलेजात मी इस्त्रीचा शर्ट घालायचो, शुद्ध बोलायचो आणि बरण्यांवर माशांची लॅटिन नावं वळणदार अक्षरात लिहायचो. आबा नदीत ज्यांना धरायचे त्यांनाच मी फॉर्मॅलिनमध्ये घालून कपाटात मांडत होतो.

आबांचं वय तेव्हा बासष्ट. पन्नास वर्षं पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांची पार चाळण झाली होती. बोटांच्या बेचक्यांतल्या जखमा भरत नव्हत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना पाण्याबाहेर काढा, नाहीतर पाय काढावा लागेल. मी आबांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू कायम झालास की येतो भाईर. तवर घर चालाय नगं?" तेव्हा सोमवारची ती बैठक माझ्यासाठी नुसती बैठक नव्हती.

तर आम्ही तंबू ठोकला. म्हणजे सरांनी पुस्तकात बघून सांगितलं आणि मी ठोकला. खुंट्या चार कमी होत्या. सर म्हणाले, गिर्यारोहक अशा वेळी दगड वापरतात. मी दगड वापरले. पुस्तकात शरदातल्या मोहिमेला उबदार कपडे लिहिले होते म्हणून सर लोकरीचा कोट घालून आले होते. ऑक्टोबरचं ऊन असं की तलावाकाठची खेकड्यांची बिळंसुद्धा भेगाळलेली. सर घामानं निथळत होते, पण कोट काढत नव्हते. फोटोत कोट हवा होता.

शनिवारचा आख्खा दिवस सरांनी गळ टाकला. काठी सुंदर होती, त्यांच्या मेव्हण्यानं परदेशातून आणलेली. तिच्या टोकाला चकाकता पत्र्याचा मासा लावायचा आणि तो पाण्यातून ओढत आणायचा. पहिल्याच फेकीला तो मागच्या बाभळीत अडकला. दुसऱ्या फेकीला माझ्या टोपीत. त्यानंतर तो पाण्यात पडू लागला, पण तलावातले मासे त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात. पत्रा खाणारा मासा त्या तलावात नव्हता.

"गांडूळ लावून बघायचं का?" मी भीतभीत सुचवलं.

सर माझ्याकडे वळले. चेहरा दुखावलेला होता.

"गांडुळाला मी टोचत नाही. साडेचार वर्षं मी त्याच्या मज्जातंतूंवर काम केलंय. त्याला काय वाटतं ते मला माहीत आहे."

"बरं."

"तुला मासेमारीतलं काही कळत नाही, त्यात तुझा दोष नाही. बघून शिक. मनगट सैल. नजर पाण्यावर. मन शांत. चहा टाक."

मी चहा टाकला. दुपारी पिठलं-भाकरी केली. मोहिमेवर जे धराल तेच खायचं असा एक नियम सरांनी लेखात लिहिला होता, पण तो आम्हाला लागू नव्हता. एक तर काही धरलं नव्हतं, दुसरं म्हणजे सर मासे खात नसत. वासही सहन व्हायचा नाही. प्रयोगशाळेत ते नाकाला रुमाल लावून शिकवायचे.

उन्हं कलली तसा एक म्हातारा ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत काठाला आला. तलावात जाळी लावणारा तिथला कोळी होता तो. शिदू आण्णा. अंगात फाटकी बंडी, डोक्याला टॉवेल. तोवर सर कोटासकट तंबूत आडवे झाले होते. मी काठावर बसून, करमेना म्हणून, भाकरीच्या उरलेल्या पिठात थोडा हिंग आणि गूळ मळत होतो. बोटं आपोआप करत होती. गोळी सरांच्या पेटीतल्या एका सुट्या गळाला लावली आणि हातदोरी पाण्यात सोडून तर्जनीवर धरली. काठी नाही, काही नाही. दोरी बोटावर असली की खाली कोण हुंगतंय ते कळतं.

आण्णा जरा वेळ बघत राहिला.

"दोरी बोटावर धराया कुणी शिकिवली?"

"कुणी नाही. आपलं असंच."

"असंच न्हाई येत ते," तो म्हणाला आणि हसला. वरचे दोन दात नव्हते. "कुणाचा रं तू? नदीकडला दिसतोस."

मी तंबूकडे बघितलं. आतून घोरणं ऐकू येत होतं. तरी मी आवाज खाली आणून सांगितलं. आबांचं नाव ऐकून त्याची ओळख पटली असं नाही, पण गावाचं नाव त्याला ठाऊक होतं. तो ट्यूबवरून उतरला, माझ्या शेजारी उकिडवा बसला. आबांचे पाय कसे आहेत, हे मी काही न सांगताच त्यानं विचारलं. कारण त्याचेही तसेच होते. मग सरांच्या फोटोचं, माझ्या कागदाचं, सगळं मी त्याला सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. दिवसभर कुणाशी माझ्या भाषेत बोललो नव्हतो.

"हितं बसून काय मिळायचं न्हाई," आण्णा म्हणाला. "त्या तिकडं, बुडालेल्या बाभळीपाशी बस. फाटंचं उजाडाय लागलं की सरकारी मासं काठाला येत्यात, चिखल हुंगत. उद्या माझी जाळी मी तिथनं काढून घेतो. तुझं काम होऊन जाऊ दे."

एक दिवसाची जाळी म्हणजे त्याचा एक दिवसाचा धंदा. मी नको म्हणालो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करून ट्यूबवर बसला आणि गेला.

रविवारी दिशा उजळताच मी बाभळीपाशी जाऊन बसलो. अर्ध्या तासानं बोटाखाली दोरी हलली. आधी नुसतं हुंगणं, मग जरा ओढ, मग सैल. आबा म्हणायचे, दुसऱ्या ओढीला हिसका देऊ नकोस, तो आपली परीक्षा घेतोय. तिसऱ्या ओढीला मी हिसका दिला आणि दोरी माझा तळवा कापत सुटली. तळं हललं. मला इतका आनंद झाला की नोकरी, कागद, सर सगळं विसरलो. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि ओरडलो, "धरलाय, आबा."

आबा तिथे नव्हते. ओरडण्यानं सर जागे झाले. ते तंबूतून बाहेर आले ते तंबू बरोबर घेऊनच, दगड होते ना खुंट्यांच्या जागी. कनातीतून सुटून धावत आले आणि म्हणाले, "मला दे. मला दे."

मासा दमला होता. शेवटची दोनचार हात दोरी राहिली होती. मी ती सरांच्या हातात दिली. सरांनी ओढली, मासा उसळला, सर चिखलात बसले आणि माशाला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली, दूरगावचा जावई भेटावा तशी. नाक त्यांनी उलट्या बाजूला वळवलं होतं. आठ किलोचा तरी ऐवज होता. सोनेरी, अंगावर रुपयाएवढे खवले.

"मिशा बघ," सर धापा टाकत म्हणाले. "चार मिशा. बघितल्यास? महाशीर. नांद्रेकर, महाशीर."

मिशा चार होत्या हे खरं. पण पाठीवरचा पर लांबलचक, मानेपाशी सुरू होऊन पार शेपटापर्यंत गेलेला. महाशीराचा पर आखूड असतो, उभारलेला. हा सायप्रिनस होता. सरकारी बीजाचा, तळ्यात सोडून वाढवलेला, बाजारात कोपऱ्यात पडलेला असतो तो. कुठल्याही भोयाचं पाच वर्षांचं पोर आंधळ्या कोशिंबिरीत हात लावून सांगेल. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांना ते कळलं नाही यात नवल नव्हतं. त्यांनी महाशीर बघितला होता तो फक्त बरणीतला, वीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये पांढरा पडून आवळलेला. त्याचे सगळे पर कधीच झडून गेले होते. मिशा तेवढ्या शिल्लक होत्या.

मी तोंड उघडलं. सरांनी कोट झटकला, भांग पाडला आणि ते माशाच्या तोंडात स्वतःचा चकाकता पत्रा खोचू लागले.

"कॅमेरा आण. आणि बॅग पण आण. आज मी खूश आहे. आधी सही करू, मग फोटो."

मी तोंड मिटलं. बॅग आणली. सरांनी ओल्या हातानं, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सहीच्या शेजारी माशाच्या चिकटीचा एक डाग पडला. तेवढ्यात शिदू आण्णा ट्यूबवरून काठाला आला. माझ्या कापलेल्या तळव्याकडे आणि माशाकडे बघून त्याचं तोंड हसरं झालं.

"घावला म्हणायचा," तो म्हणाला.

"बघा, बघा आजोबा," सर म्हणाले. "जवळ या. महाशीर बघितला होता का कधी एवढा?"

आण्णा वाकला. त्यानं पाठीवरच्या परावरून बोट फिरवलं.

"न्हाई साहेब. ह्यो म्हाशीर कुठला? ह्यो तर आपला..."

सरांचा चेहरा हळूच बदलला. कागद अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मी जे म्हणालो ते चांगल्या, शुद्ध, कॉलेजातल्या मराठीत म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा. हे प्राध्यापक आहेत. तुम्हाला काय कळतंय माशांतलं?"

आण्णानं बोट परावरून उचललं. माझ्याकडे बघितलं नाही. काठावरच्या गवताला हात पुसले.

"खरं हाय," तो म्हणाला. "आमाला काय कळतंय." मग जाता जाता त्यानं सरांना विचारलं, "खाणार न्हवं?"

"छे. विज्ञानासाठी ठेवणार. बरणीत."

"मग धरला कशाला?" एवढं बोलून तो ट्यूबवर बसला आणि पाणी मारत निघून गेला. त्याच्या मागे जावं असं मला वाटलं. पण सरांनी कागद पुढे केला होता, आणि तो मी घेतला.

फोटो अकरा काढले. सर हसताना, सर गंभीर, सर क्षितिजाकडे बघताना. परतीच्या एसटीत मासा ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होता. फाट्यावर गाडी दिसताच मैत्री संपली होती. वासामुळे सर पुढच्या बाकावर, कंडक्टरशेजारी जाऊन बसले. तिथून त्यांनी एकदा मागे वळून मला हाक मारली, "नांद्रेकर, पोतं ओलं ठेवा." मी म्हणालो, "हो सर." दोघांनाही बरं वाटलं.

सोमवारी मंडळानं मला कायम केलं. सहीशेजारचा डाग अध्यक्षांनी तुपाचा समजला. कायम झाल्यावर मी केलेलं पहिलं काम म्हणजे एक मोठी बरणी. तिच्यावरची चिठ्ठी सरांनी सांगितली आणि मी लिहिली. वर महाशीराचं लॅटिन नाव, खाली 'संकलक : प्रा. डॉ. दि. ना. सरपोतदार'. अक्षर छान आलं होतं. पुढच्या रविवारच्या सदराचं नाव होतं 'चौदा मिनिटांची झुंज'. त्यात एका ठिकाणी मीही होतो. 'सोबत एक मित्र होता. त्याला माशांतलं काही कळत नसे, पण चहा फक्कड करी.'

दिवाळीनंतर आबा आले. कायम झाल्याची ऑर्डर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघायची होती. धुतलेलं धोतर, पटका, हातात पेढ्यांचा पुडा. चालताना पाय टाचेवर टाकत होते. मी त्यांना विभाग दाखवायला नेलं ती वेळ सरांच्या तासाची होती, म्हणजे सर विभागात नसणार अशा हिशेबानं. सर तास बुडवून टेबलाशी बसले होते. पुस्तकाच्या नव्या प्रतींवर सह्या करत होते. मुखपृष्ठावर कोट, सर आणि सायप्रिनस.

"वडील का? या, या." सर उठले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. "काय करता आपण?"

सहा वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न आला होता. मी ओठ ओले केले. आबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

"शेती हाय, साहेब. थोडी."

"अरे वा. मग तुम्हाला हे बघायला मजा वाटेल. असा मासा तुम्ही जन्मात बघितला नसेल." सरांनी त्यांचा हात धरून त्यांना बरणीपाशी नेलं. "महाशीर. चौदा मिनिटं झुंजलोय मी याच्याशी. तुमचा मुलगा साक्षीला होता."

आबा बरणीसमोर उभे राहिले. काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. मी त्यांच्या मागे होतो. मासा अजून ताजा होता, पर उभा होता. आबांचं बोट काचेवर टेकलं आणि मानेपाशी सुरू होऊन सावकाश शेपटापर्यंत गेलं. पन्नास वर्षांत या माणसानं गिऱ्हाइकाला कालचा मासा आजचा म्हणून सांगितला नव्हता. एका माशाचं नाव दुसऱ्याला दिलेलं तर कधीच नाही. बाजारात यावरून त्यांनी भावाशी अबोला धरला होता.

"लई मोठा हाय, साहेब," आबा म्हणाले. "म्हाशीरच."

सर खूश झाले. त्यांनी आबांना एक पुस्तक सही करून दिलं.

एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. पुस्तक आबांच्या मांडीवर होतं. गाडीला वेळ होता.

"आबा, तुमी वळखला न्हवता व्हय?"

"वळखला की. आंधळा हाय का मी?"

"मग?"

"तुझ्या तोंडाकडं बघितलं." आबांनी पटका सारखा केला. "धरला कुणी?"

"मी."

"कशावं?"

"हातदोरीवं. पीठ, गूळ नि हिंग."

"कितव्या ओढीला हाणलास?"

"तिसऱ्या."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मला वाटतं, माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढा अभिमान त्यांना माझा कधी वाटला नसेल. मग त्यांनी पुस्तकाकडे बघितलं आणि तो उजेड गेला.

"कायम म्हंजे किती वर्सं?"

"अठ्ठावन्न हुईपातूर. तीस तरी वर्सं हायत अजून."

"आणि तवर त्यो म्हाशीरच?"

गाडी लागली. मी त्यांना हात धरून चढवलं, खिडकीशी बसवलं, पुडी-पिशवी मांडीवर ठेवली. खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आता पाण्यात जायाचं न्हाई, आबा. ठरलंय आपलं. कायम झालोय मी."

आबांनी खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"न्हाई बाबा, मी जाणार. घरात येक तरी माणूस माशाला त्याच्या नावानं हाक मारणारा ऱ्हाऊ दे."

गाडी गेली. आबा आणखी तीन वर्षं पाण्यात उतरत होते, पाय काढावा लागेपर्यंत. बरणीतलं फॉर्मॅलिन दर जूनला बदलावं लागतं आणि ते काम परिचराचं असतं. निवृत्त होईपर्यंत मी ते दरवर्षी केलं. चिठ्ठी पुसट झाली की तीही नवी लिहिली.